सुमनबाईची वेणी आणि आमचं असोसिएशन

"डॉक्टरबेन, आधी तो लाल चष्मा काढा. समोरच्या माणसाला बोलायचं सुचत नाही."

"चष्मा निघणार नाही, कांतिभाई. तुम्ही डोळे मिटून बोला."

कांतिभाई सुरतेत उधन्याच्या बाजूला असलेल्या एका आर्ट सिल्क मिलचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार मानायचा. मी त्यांच्या टेबलासमोर बसले होते आणि टेबलावर एकाच बाईचे दोन एक्स-रे पडले होते. एक म्हणत होता, बाईला टीबी आहे. दुसरा म्हणत होता, बाई ठणठणीत आहे. दुसरा माझा होता.

लाल चष्म्याचं आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही कांतिभाईंसारखे अडून बसाल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा पोटाची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग, आणि ते करायचं मिट्ट काळोखात. पेशंटने बेरियमचा पांढरा काला प्यायचा, आणि तो घशातून पोटात कसा उतरतो ते आम्ही एका मिणमिणत्या हिरव्या पडद्यावर बघायचं. डोळ्यांना काळोखाची सवय नसेल तर पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून आधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून हिंडायचं. दुपारी बेरियमचे पेशंट असले की मी सकाळीच चष्मा चढवायची आणि तसाच लावून बँकेत, भाजीबाजारात, सगळीकडे जायची. भागळवरचे रिक्षावाले मला 'लाल चश्मावाळी' म्हणत. यापेक्षा वाईट नावंही मला मिळालेली आहेत.

"कांतिभाई, तुमच्या कांडी खात्यातली सुमनबाई. तिला काही झालेलं नाही. कामावर परत घ्या."

"बेन, हा रिपोर्ट बघा." त्यांनी पहिल्या पाकिटावर बोट ठेवलं. "डॉक्टर चोकसींची सही आहे. चोकसीसाहेब तुमच्या असोसिएशनचे अध्यक्ष. खरं की नाही?"

"खरं."

"आणि तुम्ही?"

"मी सहचिटणीस."

"म्हणजे काय करता?"

"बिल्ले वाटते," मी म्हणाले.

कांतिभाईंनी हात जोडले. "मग तुम्हीच सांगा, मी कोणाचं ऐकू? खात्यात सगळ्या बायका एकमेकींना चिकटून बसतात. टीबीवाली बाई परत घेतली असं कळलं तर उद्या एकही येणार नाही. तुम्ही चोकसीसाहेबांकडून लिहून आणा. मी आजच्या आज घेतो."

त्यांचं तरी काय चुकलं? पण डोक्यात तिडीक जायची ती गेलीच. मी दोन्ही पाकिटं उचलली आणि लाल चष्म्यातून त्यांच्याकडे शक्य तितकं रागाने बघून निघाले.

ही सुमनबाई मूळची पारोळ्याकडची. नवरा मागावर, ही कांड्या भरायची. म्हणजे मागात जो आडवा धागा लागतो तो कांडीवर गुंडाळून द्यायचा. राहायची नवागामला, खानदेशातून आलेल्या लोकांच्या वस्तीत. मी अमळनेरची. तिथल्या बायका माझ्याकडे येत, कारण मला अहिराणी कळायची आणि मी त्यांना 'हिंदी में बोलो' म्हणत नसे. मिलने सगळ्या कामगारांच्या छातीचे फोटो काढून घेतले, त्यात हिचा फोटो 'खराब' निघाला. त्याच दिवशी तिला घरी पाठवलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा फिल्म गुंडाळून, सुतळीने बांधून, पिशवीत खोचून आणली होती. फिल्मची अशी गुंडाळी बघितली की माझा जीव वरखाली होतो.

"ताई, मले काही व्हयेल नही शे," ती बसायच्या आधीच म्हणाली. "खोकला बी नही. ताप बी नही. पन मनी पोरले सासू गावले लई गयी. सांगस, तू बरी व्हशी तवय धाडसू."

नोकरी गेली याचं ती शेवटी बोलली. आधी पोरगी. मंगल नाव, अजून शाळेतही जात नव्हती. सासूबाईंनी ऐकलं टीबी, आणि पोरीला उचलून त्या गावी निघून गेल्या. जाताना पोरीला आईच्या जवळही येऊ दिलं नाही. सुमनबाई हे सांगताना रडली नाही. खांद्यावरची वेणी पुढे घेऊन तिचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली. व्ह्यूबॉक्स म्हणजे दुधी काचेची, आतून दिवे असलेली पेटी. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक उभी, ढगाळ सावली होती. टीबीला राहायला फुफ्फुसाचा वरचा मजला फार आवडतो. त्यामुळे तिथे सावली दिसली की आमच्या जातीच्या डॉक्टरांचा हात आपोआप 'टीबी' लिहायला लागतो.

पण ही सावली मला आगाऊ वाटली. ती फुफ्फुसात थांबत नव्हती. गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेपर्यंत गेली होती. मानेत फुफ्फुस नसतं, हे मेडिकल कॉलेजात न गेलेल्यालाही माहीत असतं. मी फिल्मकडे बघितलं, मग सुमनबाईच्या बोटाला गुंडाळलेल्या वेणीकडे बघितलं. तेल चोपडून घट्ट घातलेली, मनगटाएवढी जाड वेणी.

"फोटो काढताना वेणी कुठे होती गं?"

"पुढे लिधी व्हती."

"का?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच येडपट. "तठे माणूस व्हता ना, ताई."

झालं. छातीचा एक्स-रे काढताना लुगडं-पोलकं काढून एक ढगळ झगा घालायला देतात. समोर परका पुरुष. लाजेने तिने वेणी पुढे ओढून छाती झाकली. मग छाती फिल्मच्या पेटीला चिकटवून उभी राहिली. वेणी मधल्यामध्ये दाबली गेली आणि तिची झकास सावली फिल्मवर उतरली. टेक्निशियनने बाईकडे बघायला नको म्हणून मान फिरवली असणार. सभ्य माणूस! दोघांच्याही सभ्यतेपायी टीबी झाला.

मी तिचे केस डोक्यावर बांधून माझ्याकडे पुन्हा फोटो काढला. फुफ्फुसं आरशासारखी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला. वाटलं, संपलं काम. किती भोळी होते मी!

कांतिभाईंकडे काय झालं ते सांगितलंच. तिथून मी तडक डॉक्टर चोकसींकडे गेले.

चोकसीसाहेब मोठे रेडिओलॉजिस्ट होते, हे आधी मान्य करते. परदेशात शिकलेले. फिल्म बघण्याची नजर अशी की आम्ही अर्धा तास घोळ घालायचो आणि ते येऊन एका वाक्यात निकाल लावायचे. पण त्यांचं सगळं चित्त त्या दिवसांत अधिवेशनात होतं. आमच्या अखिल भारतीय संघटनेच्या पश्चिम विभागाचं, म्हणजे साहेब अध्यक्ष होते त्या विभागाचं, अधिवेशन त्या हिवाळ्यात सुरतेला भरणार होतं आणि खुद्द राष्ट्रीय अध्यक्ष येणार होते. चोकसीसाहेबांच्या टेबलावर फिल्म एकही नव्हती. मांडवाचे नकाशे होते, आणि पोंकाच्या म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या मेजवानीची यादी.

"सर, ही फिल्म एकदा बघा."

"बेन, पोंक रविवारी ठेवू की शनिवारी? कोवळा मिळायला पाहिजे."

"सर, एका बाईची नोकरी गेलीय."

मग त्यांनी वर बघितलं. फिल्म हातात घेतली नाही, रिपोर्टवरची सही तेवढी बघितली. "मिलचं पाकीट आहे हे. असे ढिगाने येतात. माझा असिस्टंट वाचतो, मी सही करतो."

"मग तुम्ही बघितलेली नाही."

ते त्यांना झोंबलं. "बेन, एका रेडिओलॉजिस्टने दुसऱ्याचा रिपोर्ट पेशंटसमोर खोडू नये, हा आपल्याच असोसिएशनचा शिष्टाचार आहे. अधिवेशन होऊन जाऊ दे. मग बघू."

"तोपर्यंत तिच्या जागी दुसरी बाई घेतील."

"अधिवेशनानंतर," ते म्हणाले आणि मांडवाच्या नकाशावर पुन्हा वाकले.

आता हे असोसिएशन म्हणजे काय प्रकरण ते थोडक्यात सांगते. देशभरातल्या एक्स-रेच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन काढलेली ही संस्था. कामं चांगली करायची. फिल्म तेव्हा परदेशातून यायच्या आणि त्यांची कायम टंचाई. असोसिएशन दिल्लीला अर्जावर अर्ज करून परवाने मिळवायचं. शिशाचा एप्रन घातल्याशिवाय मशिनजवळ उभं राहू नका, हे ओरडून ओरडून सांगायचं. ज्याने शिक्षण घेतलंय त्यानेच फिल्म वाचावी, म्हणून भांडायचं. हे सगळं खरं. बाकीचा वेळ ठराव, हार, ग्रुप फोटो आणि पहिल्या रांगेत कोण बसणार यावरून रुसवेफुगवे यात जायचा.

मी मुख्य कचेरीलाही कळवलं. म्हटलं, दोन मतं पडलीत, तुम्ही तिसरं द्या, बाईचा संसार अडकलाय. उत्तर आलं, विषय महत्त्वाचा आहे, उपसमिती नेमण्यात येत आहे. खाली राष्ट्रीय अध्यक्षांची लफ्फेदार सही. मी ते उत्तर सुमनबाईला वाचून दाखवलं आणि मराठीत समजावून सांगितलं.

"म्हन्जे काय, ताई?"

"म्हणजे काही नाही," मी म्हणाले. आपल्याच धंद्याची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

अधिवेशन आलं. विभागात मी एकटीच बाई डॉक्टर. म्हणून बिल्ले, फुलं, रांगोळी आणि पाहुण्यांच्या बायका ही खाती न विचारता माझ्याकडे आली होती. माझ्या स्वतःच्या बिल्ल्यावर कोणीतरी छापून ठेवलं होतं 'लेडीज प्रोग्राम'. म्हणजे पुरुष डॉक्टर आत पेपर वाचणार, आणि मी त्यांच्या बायकांना घेऊन साड्यांच्या बाजारात जाणार. बिल्ला उलटा करून मी मागच्या बाजूला शाईने माझं नाव आणि डिग्री लिहिली. साड्यांच्या बाजारात त्या बायका माझ्याशिवायही व्यवस्थित पोचल्या, आणि एकीलाही परत यायची घाई नव्हती.

आणखी एक खातं मात्र माझ्याकडे होतं, जे कोणालाच नको होतं. फिल्म रीडिंग सेशनसाठी फिल्म गोळा करायचं. हे सेशन म्हणजे आमच्या अधिवेशनातला खरा तमाशा. मंचावर व्ह्यूबॉक्स ठेवायचा. त्यावर कोणाचीही फिल्म लावायची, पण कोपऱ्यातली शिशाच्या अक्षरांत उमटलेली पेशंटची आणि क्लिनिकची नावं काळ्या पट्टीने झाकायची. फक्त वय आणि स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं. मग मंचावरचा माणूस कोणालाही उठवतो आणि निदान विचारतो. चुकलं की सगळं सभागृह हसतं. मोठमोठ्यांची तिथे भंबेरी उडते, कारण नाव झाकलेलं असतं, सही नसते, शिक्का नसतो. समोर नुसती सावली आणि तुमची अक्कल.

मंचावर असणार होते डॉक्टर चोकसी.

आता तुम्हाला कळलंच असेल माझ्या डोक्यात काय शिजत होतं. मी नवागामला जाऊन सुमनबाईला विचारलं. तुझी फिल्म सगळ्या डॉक्टरांपुढे लावते, चालेल का? नाव झाकीन.

"दखाडा ताई," ती म्हणाली. "बठ्ठास्ले दखाडा. नाव बी दखाडा. मी काय चोरी करेल शे?"

हिंमत तिची. मी मात्र वाटेत हिशेब मांडत होते. चोकसीसाहेबांनी भर सभेत 'टीबी' म्हटलं तर? मग विषय कायमचा संपला. दीडशहाण्या सहचिटणीसबाईच्या एक्स-रेला कुत्र्यानेही विचारलं नसतं, आणि मंगल पारोळ्यालाच वाढली असती. एकदा वाटलं, नको, अधिवेशन होऊ दे. मग सुमनबाईच्या खोलीत खुंटीला टांगलेला पोरीचा फ्रॉक डोळ्यांसमोर आला, आणि मी काळी पट्टी कापायला घेतली.

सेशन दुपारी होतं. पोंक झालेला, वर लिंबू-मिरीची शेव, वर ताक. निम्मं सभागृह पेंगत होतं. पहिल्या रांगेत राष्ट्रीय अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ. तेही डोळे मिटून बसले होते, विचार करत असतील असं आपण समजू.

चार-सहा फिल्म झाल्या. चोकसीसाहेब रंगात आले होते. हातात चांदीच्या मुठीची काठी, तिने फिल्मवर दाखवायचे. मी पुढची फिल्म लावली. गुंडाळीच्या सुरकुत्या अजून तिच्यावर होत्या.

"स्त्री. तिशीच्या आतली. तक्रार काही नाही," मी म्हणाले.

चोकसीसाहेबांनी नवसारीच्या एका तरुण डॉक्टरला उठवलं. त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, "कॉक्स, सर. उजवा वरचा भाग."

कॉक्स हे टीबीचं आमच्यातलं सोज्वळ नाव. पेशंटसमोर टीबी म्हणायचं नसलं की कॉक्स म्हणायचं. पेशंटला लगेच कळतं.

"आणखी कोण?"

मागून बडोद्याचे एक जण म्हणाले, "कॉक्सच." दोन-चार माना हलल्या.

चोकसीसाहेब फिल्मजवळ गेले. काठीचं टोक सावलीवर टेकवलं. "उजवा वरचा भाग," ते म्हणाले. "ढगाळ, उभी सावली." मग पाण्याचा ग्लास उचलून दोन घोट प्यायले. त्या दोन घोटांत मी सगळे देव आठवले, अगदी बऱ्याच वर्षांत न आठवलेलेसुद्धा.

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फिल्मला लागेल इतके वाकले. काठी वर सरकली. गळपट्टीचं हाड ओलांडून मानेपर्यंत गेली. आणि ते हसायला लागले.

"अरे, आ तो चोटलो छे!"

वेणी आहे! सभागृह जागं झालं. साहेबांनी नवसारीच्या डॉक्टरला झोडपायला सुरुवात केली. "बेटा, टीबी मानेत चढतो का? कडा बघ, किती साफ. आणि आत बघ, हे पेड दिसतायत, एक, दोन. बाईने वेणी पुढे घेतलीय. फुफ्फुस तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे!" लोक टाळ्या वाजवत होते. मी व्ह्यूबॉक्सच्या टेबलाला धरून उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते.

मी तिथेच थांबले असते, खरंच. मला नंतर एकांतात त्यांना सांगायचं होतं. पण साहेब आता कोणाला आवरत होते?

"बेन, याचा रिपोर्ट काय दिला होता?"

"टीबी, सर."

"टीबी! कया गधेडाए?" पुन्हा हशा. "पट्टी काढा. क्लिनिकचं नाव कळू दे."

"राहू द्या, सर."

"का राहू द्या? असल्या लोकांमुळे आपला धंदा बदनाम होतो. असोसिएशन कशाला आहे मग? काढा, काढा!"

"सर, नंतर सांगते."

"नंतर नाही. आत्ता!"

अध्यक्षांची आज्ञा. सहचिटणीसाने मोडायची कशी? मी पट्टी ओढली. दुधी काचेच्या उजेडात शिशाची अक्षरं लख्ख उमटली होती. आधी सुमनबाईचं नाव. खाली 'चोकसी एक्स-रे क्लिनिक'.

मोठमोठ्या सभागृहांत मी पुढे भाषणं ऐकली, पण एवढी शांतता पुन्हा ऐकली नाही. मागे कोणाची तरी ताकाची वाटी खाली पडली. साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"चहा," ते म्हणाले.

लोक उठायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. राष्ट्रीय अध्यक्षांचे डोळे चांगले टक्क उघडे होते.

"चहा नंतर. ही बाई आता कुठे आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. नोकरी गेली, पोरगी गावी नेली, आई घरी बसून आहे. दोन वाक्यांत सांगितलं.

"मग तुम्ही मला का कळवलं नाही?" ते जरा रागानेच म्हणाले.

"कळवलं होतं, सर. तुम्ही उपसमिती नेमलीत."

आपलीच सही म्हातारबुवांना आठवत नव्हती, हे स्वच्छ दिसत होतं. देशाच्या अध्यक्षांपासून विभागाच्या अध्यक्षांपर्यंत सगळे न वाचता सह्या करत होते. संघटनेत एकी होती म्हणायची.

चहाच्या वेळी चोकसीसाहेब मला पडद्यामागे घेऊन गेले. चेहरा लालबुंद.

"तुम्ही मला फसवलंत."

"सर, तुम्ही बरोबर उत्तर दिलंत. सभागृहात तुम्ही एकटेच बरोबर होता. यात फसवणं कुठे आलं?"

"माझ्याकडे यायचं होतं."

"आले होते. तुम्ही पोंकाचं विचारत होता."

वाटलं, आता माझं सहचिटणीसपद गेलं, बिल्ल्यांसकट. पण साहेब खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"त्या मिलच्या किती बायकांवर मी सही केली असेन?" हे त्यांनी मला विचारलं नाही, स्वतःलाच विचारलं.

अधिवेशनाचा समारोप, हार, ग्रुप फोटो सगळं यथासांग झालं. ग्रुप फोटोत मी नाही, कारण फोटोग्राफरने मला बायकांबरोबर उभं केलं आणि मी तिथून निघून गेले. पण सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. त्या मिलमधून 'खराब' म्हणून काढलेल्यांच्या सगळ्या फिल्म त्यांनी मागवून घेतल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून एकेक बघितली. काहींना खरोखरच टीबी होता, त्यांची औषधं लगेच सुरू करायला लावली. एका बाईचा टीबी तिच्या गळ्यातल्या ताइताचा निघाला. साहेब तेव्हा कोणावर ओरडले नाहीत. आपल्या हाताने नवे रिपोर्ट लिहिले आणि मला घेऊन स्वतः कांतिभाईंच्या ऑफिसात गेले.

कांतिभाईंनी रिपोर्ट वाचला, सही बघितली आणि सुमनबाईला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. मला म्हणाले, "बेन, मी म्हटलं होतं ना, लिहून आणा, लगेच घेतो." बरोबरच होतं त्यांचं. चष्मा त्या दिवशी मी मुद्दाम लावून गेले होते.

असोसिएशनने काय केलं, तर परिपत्रक काढलं. स्त्री रुग्णाच्या छातीचा एक्स-रे घेण्यापूर्वी केस डोक्यावर बांधावेत, दागिने आणि ताईत काढावेत, आणि शक्यतो मदतीला बाई असावी. देशभर गेलं ते. खाली लिहिलं होतं, 'हा उद्बोधक रुग्णवृत्तांत सुरतेचे डॉ. चोकसी यांच्या सौजन्याने.' माझं नाव कुठेच नाही. मी दोन दिवस फणफणले. मग एकदा कामानिमित्त वलसाडला गेले, तर तिथल्या एक्स-रेच्या खोलीत ते परिपत्रक भिंतीला चिकटवलेलं आणि खाली एक आया हातात केसांचे आकडे घेऊन बसलेली दिसली. मग राग गेला. म्हणजे बराचसा गेला.

ती उपसमिती अजून भरलेली नाही.

सुमनबाई मात्र पुढे बरेच महिने मला भेटायला आली नाही. मी वाट बघायची, कबूल करायला काय जातं? नवागामहून येणाऱ्या बायका सांगायच्या की ती कामावर आहे, सासूचा हट्ट मात्र अजून आहे, पोरगी गावीच आहे. एवढं सगळं करून शेवटी एका म्हातारीपुढे आमचं अखिल भारतीय असोसिएशन हरलं म्हणून मी तिला मनातल्या मनात फार बोलायची.

मग उन्हाळ्यात एके दिवशी सुमनबाई दारात उभी. कडेवर एक मोठी पोरगी, जिचे पाय खाली लोंबत होते. ओट्यावरून उडी मारताना पाय मुरगळला होता. पाठीमागे एक म्हातारी, डोक्यावरून पदर, माझ्याकडे संशयाने बघणारी. सून हिवाळाभर एकदाही खोकली नाही हे कळल्यावर सासूबाई स्वतः पोरीला घेऊन आल्या होत्या आणि आता सुरतेतच राहणार होत्या.

"ही मंगल का?"

"हाऊ, ताई."

पोरीला मी टेबलावर बसवलं. पाय फिल्मवर नीट ठेवला. लाल रिबिनी लावलेल्या दोन वेण्या होत्या तिच्या. मी बटण दाबायला आडोशामागे जाणार, तेवढ्यात सुमनबाई लगबगीने पुढे आली. तिने दोन्ही वेण्या उचलून पोरीच्या डोक्यावर गुंडाळल्या, स्वतःच्या अंबाड्यातले आकडे काढून खोचले, आणि एक बट राहिली होती तीसुद्धा थुंकी लावून चापून बसवली.

"अगं बाई, पायाचा फोटो आहे! वेणी पायापर्यंत येते का?"

"ऱ्हाऊ द्या, ताई," सुमनबाई पोरीच्या डोक्यावर हात दाबून ठेवत म्हणाली. "तुमना लोकस्ना काय भरोसा?"